टांकसाळीतील खरी त्रुटी आणि बनावट त्रुटी : नाणे कसे तपासावे

नाणी पाडताना टांकसाळीच्या आतच काही गफलत होऊन जे नाणे नेहमीपेक्षा वेगळे उतरते, त्याला त्रुटी-नाणे म्हणतात. संग्राहक आणि व्यापारी त्याला सरळ ‘एरर’ म्हणतात. टांकसाळीतून बाहेर पडल्यावर नाण्याला जे काही होते, मग ते रेल्वेच्या रुळावर चेपले जाणे असो, सोनाराकडे मुलामा चढणे असो किंवा मुद्दाम कानशीने घासले जाणे असो, ते केवळ नुकसान किंवा फसवणूक असते आणि संग्राहकाच्या लेखी त्याला दर्शनी मूल्यापलीकडे किंमत नसते. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी फार महागडी साधने लागत नाहीत. नाणे कसे पाडले जाते हे मात्र नीट ठाऊक असावे लागते, कारण यंत्रात घडलेली प्रत्येक खरी गफलत नाण्यावर एकाहून अधिक ठिकाणी खूण ठेवून जाते, तर बनावट करणारा बहुधा डोळ्यांत भरणारी एकच खूण उमटवतो. म्हणून ‘हे दिसायला किती विचित्र आहे’ याआधी ‘हे यंत्रात घडले असते तर आणखी कुठे काय दिसले असते’ हा प्रश्न विचारावा. पुढील विवेचन प्रामुख्याने स्वतंत्र भारताच्या नाण्यांविषयी आहे.

नाणे कसे पाडतात

मिश्रधातूच्या लांब पट्टीतून यंत्राने गोल चकत्या कापल्या जातात. त्या तापवून मऊ केल्या जातात, धुऊन चकचकीत केल्या जातात आणि मग एका यंत्रातून फिरवून त्यांची कड किंचित उचलली जाते. अशी तयार कोरी चकती छापयंत्रात दोन ठशांच्या मध्ये येते. चकतीभोवती पोलादी कडे असते, त्याला कॉलर म्हणतात. दाबाखाली पसरणारा धातू या कॉलरमुळे अडतो आणि नाण्याला नेमका व्यास व कड मिळते. दोन्ही ठसे एकाच आघातात दोन्ही बाजू उमटवतात, आणि हाच मुद्दा पुढे वारंवार कामी येणार आहे.

यावरून त्रुटींचे तीन वर्ग पडतात : चकतीच्या त्रुटी, ठशाच्या त्रुटी आणि आघाताच्या त्रुटी. चकतीच्या त्रुटीत वजन किंवा धातू बदलू शकतो. आघाताच्या त्रुटीत चकती पूर्ण असल्यामुळे नाणे कितीही वेडेवाकडे उतरले तरी वजन पुरेपूर भरले पाहिजे. ही एवढी खूणगाठ बांधली तरी बाजारातील बरीच नकली नाणी तराजूवरच उघडी पडतात.

आधी साधने जमवावीत

दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा तराजू, व्यास व जाडी मोजणारा डिजिटल कॅलिपर, लोहचुंबक आणि तिरपा प्रकाश टाकता येईल असा दिवा एवढे पुरे. यापेक्षाही महत्त्वाचे साधन म्हणजे त्याच मूल्याचे, त्याच मालिकेचे आणि शक्यतो त्याच टांकसाळीचे एक साधे, निर्दोष नाणे. ते शेजारी ठेवल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. तपासायचे नाणे कडेने धरावे आणि ते घासून, चिंच किंवा लिंबू लावून स्वच्छ करू नये, कारण पृष्ठभागावरील मूळ तकाकी हाच एक मोठा पुरावा असतो.

पहिली पायरी : ही त्रुटीच आहे का

‘त्रुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी नाण्यांत कसलीच त्रुटी नसते. विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला नेहमीचा नमुना माहीत नसतो, इतकेच. सर्वांत जास्त दिशाभूल टांकसाळचिन्हावरून होते. सालाखाली मुंबईच्या टांकसाळीचा चौकटीच्या आकाराचा हिरा असतो, हैदराबादचा तारा असतो आणि नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याच्या नेहमीच्या नाण्यांवर मात्र काहीच चिन्ह नसते. त्यामुळे ‘टांकसाळचिन्ह गाळलेले दुर्मिळ नाणे’ म्हणून जे पुढे केले जाते, ते बहुतेक वेळा कोलकात्याचे सर्वसामान्य नाणे असते. तसेच 1985 मध्ये आणि पुढे 1997 च्या सुमारास काही भारतीय नाणी परदेशी टांकसाळींतून पाडून आणली गेली आणि त्यांवर त्या टांकसाळींची अक्षरे किंवा खुणा आहेत. ती अनोळखी चिन्हे म्हणजे चूक नव्हे.

दहा रुपयांच्या नाण्याची गोष्टही अशीच आहे. रुपयाचे ₹ हे चिन्ह सरकारने जुलै 2010 मध्ये स्वीकारले आणि ते 2011 च्या मालिकेपासून नाण्यांवर आले. त्याआधीच्या नाण्यावर ते नसणारच. किरणांसारख्या दहा रेषांचे आणि पंधरा रेषांचे असे दोन्ही नमुने खरे आहेत. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने तोवर निघालेले दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध असल्याचे जाहीर निवेदन काढले होते. 2005 पासूनच्या दोन रुपयांच्या नाण्यावरील क्रॉससारखी आकृती किंवा माता वैष्णोदेवीचे स्मारक नाणे यांभोवती लाखोंच्या किमतीच्या अफवा फिरतात. ती ठरवून काढलेली नाणी आहेत आणि त्रुटीच्या चर्चेत त्यांना जागाच नाही.

दुसरी पायरी : वजन, व्यास आणि चुंबक

काही प्रमाण आकडे हाताशी ठेवावेत. 1992 पासूनचे स्टेनलेस स्टीलचे एक रुपयाचे नाणे 25 मिमी व्यासाचे आणि 4.85 ग्रॅमचे आहे. 1992 पासूनचे अकरा बाजूंचे दोन रुपयांचे क्युप्रोनिकेल (तांबे आणि निकेल यांचा मिश्रधातू) नाणे 6 ग्रॅमचे, आणि त्याच काळातले पाच रुपयांचे जाड क्युप्रोनिकेल नाणे 23 मिमी व्यासाचे व 9 ग्रॅमचे आहे. पुढचे स्टीलचे पाच रुपये 6 ग्रॅमचे आहेत. दहा रुपयांचे द्विधातू नाणे 27 मिमी आणि 7.71 ग्रॅमचे आहे. 2011 च्या मालिकेतला रुपया लहान होऊन सुमारे 22 मिमी आणि 3.79 ग्रॅमचा झाला, तर दोन रुपयांचे नाणे 25 मिमी आणि 4.85 ग्रॅमचे झाले. वजनात शतांशांचा थोडा फरक मान्य असतो आणि झिजलेले नाणे हलके भरते, हे लक्षात घ्यावे.

या शेवटच्या दोन आकड्यांत एक गंमत दडलेली आहे. 2011 चा रुपया आणि आधीच्या काळातली स्टीलची पन्नास पैशांची चकती यांचे माप एकच आहे. तसेच 2011 चे दोन रुपये आणि जुना स्टीलचा एक रुपया यांचेही माप एकच आहे. त्यामुळे ‘नवा रुपया जुन्या आठ आण्याच्या चकतीवर’ असा दावा कुणी केला, तर तो तपासून सिद्ध करण्याजोगाच नाही आणि त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

चुंबकाची कसोटी सोपी आहे. नाण्यांसाठी वापरले जाणारे फेरिटिक स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटते. क्युप्रोनिकेल, निकेल-पितळ आणि ॲल्युमिनियमची जुनी नाणी चिकटत नाहीत. मात्र 1962 नंतरच्या काळातला शुद्ध निकेलचा मोठा रुपया चिकटतो, म्हणून ‘चिकटले म्हणजे स्टील’ असे समीकरण करू नये. तांबूस किंवा सोनेरी दिसणारा स्टीलचा रुपया ‘चुकीच्या धातूवर पाडलेला’ म्हणून समोर आला आणि तो 4.85 ग्रॅम भरून चुंबकाला घट्ट चिकटला, तर तो मुलामाच समजावा. भिंगातून पाहिल्यास उंचवट्यांवरचा रंग झिजून खालचा पांढरा धातू डोकावताना बहुधा दिसतोच.

शंका राहिल्यास घनता काढावी. तराजूवर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करावा आणि बारीक दोऱ्याने नाणे तळाला वा कडांना न टेकवता पाण्यात लोंबकळवावे. तराजू जो आकडा दाखवील त्याने हवेतील वजनाला भागावे. क्युप्रोनिकेलचे उत्तर 8.9 च्या जवळ येते, फेरिटिक स्टीलचे 7.7 च्या जवळ. स्टीलच्या रुपयाला हा आकडा साधारण 0.63 ग्रॅम दिसेल. खरोखर तांब्याच्या मिश्रधातूचे तेवढ्याच वजनाचे नाणे असते, तर तो 0.55 च्या आसपास दिसला असता. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी काढावेत, नाहीतर घनता उगाच कमी येते.

खऱ्या चुकीच्या चकतीच्या बाबतीत वजनावरच विसंबू नये. समजा, 2007 चे हस्तमुद्रेचे दोन रुपयांचे 27 मिमीचे नाणे एक रुपयाच्या 25 मिमीच्या चकतीवर पाडले गेले, असा दावा आहे. दोन रुपयांचे नाणे सुमारे 5.62 ग्रॅमचे असते; ते लेथवर धरून 25 मिमीपर्यंत खाली आणले, तर हिशेबाने 4.82 ग्रॅम उरते, म्हणजे एक रुपयाच्या चकतीच्या वजनाच्या इतके जवळ की तराजू फसतो. इथे कडेकडे पाहावे लागते. लहान चकती मोठ्या कॉलरमध्ये सैल बसते, त्यामुळे खऱ्या नाण्याचा काठ गोलसर राहतो, आकार किंचित असमान होतो आणि काठाजवळची अक्षरे बाहेरच्या दिशेने ओढल्यासारखी, पसरट दिसतात. कापलेल्या नाण्यावर अक्षरे सुरीने छाटल्यासारखी थांबतात, कड उभी व धारदार असते आणि तिच्यावर समांतर ओरखडे असतात.

कापलेल्या कडेचे नाणे

पोळीतून वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली तर पुरीचा चंद्रकोरीएवढा भाग गायब होतो. पट्टीतून चकत्या कापतानाही नेमके हेच घडते. त्यामुळे खऱ्या गोल कापाची वक्रता त्याच नाण्याच्या वक्रतेशी जुळते. दुसरे साधे नाणे त्या खाचेत बसवून पाहावे. पट्टीच्या टोकाशी कापलेल्या चकतीला सरळ किंवा खडबडीत काप येऊ शकतो.

खरी खूण मात्र कापात नसून त्याच्या बरोबर समोर असते. चकतीची कड उचलणारे यंत्र दोन बाजूंनी दाबून काम करते. एका बाजूला धातूच नसल्यामुळे समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब पडत नाही आणि तिथला काठ बोथट, अर्धवट राहतो. ब्लेक्सली परिणाम या नावाने ही खूण ओळखली जाते. प्रत्येक खऱ्या नाण्यावर ती ठळक नसते, सरळ कापाच्या नाण्यांवर तर बहुधा दिसतही नाही, पण गोल काप मोठा असून समोरचा काठ अगदी भरदार असेल तर संशय घ्यावाच. दुसरी खूण अक्षरांची. चकती आधी कापलेली होती आणि छाप नंतर पडला, म्हणून कापाजवळची अक्षरे मोकळ्या जागेकडे ओघळलेली दिसतात. नाणे पाडून झाल्यावर कापले असेल, तर अक्षर मधूनच तुटते आणि तुटलेल्या जागी ताजा, वेगळ्या रंगाचा धातू दिसतो. वजनाचा हिशेबही करावा : क्षेत्रफळाचा दहावा भाग नसलेला स्टीलचा रुपया 4.37 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे.

सरकलेला छाप आणि पसरलेले नाणे

चकती ठशांच्या मध्ये नीट न बसता एका बाजूला सरकली, तर छाप एका कडेला जातो आणि दुसरीकडे कोऱ्या धातूची चंद्रकोर उरते. दोन्ही ठसे एकत्र पडतात, त्यामुळे ही कोरी चंद्रकोर नाण्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी असली पाहिजे आणि वजन पूर्ण असले पाहिजे. एका बाजूची अक्षरे घासून ‘सरकलेला छाप’ बनवलेला असतो, तेव्हा मागची बाजू व्यवस्थित मधोमध असते आणि तराजूवर धातू कमी भरतो.

कॉलर जागेवर नसताना पाडलेले नाणे नेहमीपेक्षा रुंद होते. त्यात मधले चित्र व अंक नेहमीच्याच मापाचे राहतात आणि फक्त बाहेरचा मोकळा भाग पसरतो. हातोडीने ठोकून किंवा रुळावर ठेवून रुंद केलेल्या नाण्यात चित्रच ताणले जाते, सिंहांचे चेहरे सपाट होतात. कॅलिपरने मधला अंक मोजून साध्या नाण्याशी ताडून पाहिला की निकाल लागतो.

लक्खी नाणे

भारतीय नाणेबाजारात सर्वाधिक मागणी आणि म्हणूनच सर्वाधिक बनवाबनवी या प्रकारात आहे. इंग्रजीत ज्याला ब्रॉकेज म्हणतात, त्याला आपल्याकडचे व्यापारी लक्खी म्हणतात. पाडलेले एखादे नाणे खाली न पडता एका ठशाला चिकटून राहते आणि पुढची चकती आली की त्या बाजूने ठशाऐवजी हे चिकटलेले नाणेच तिच्यावर दाबले जाते. परिणामी नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचे उठावदार चित्र असते आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट व आरशातल्यासारखे उलटे उमटते.

‘तेच चित्र’ या शब्दांवर सगळी परीक्षा उभी आहे. चिकटलेल्या नाण्याची उघडी बाजू आणि नव्या चकतीची दुसरी बाजू एकाच ठशाने उमटवलेली असते, त्यामुळे पूर्ण लक्खीवर सिंहमुद्रा असेल तर दोन्हीकडे सिंहमुद्राच हवी, आणि मूल्याची बाजू कुठेही दिसता कामा नये. चिकटलेले नाणे फिरले नसेल, तर उठावाच्या बरोबर मागे खोलगट प्रतिमा येते. ते बराच वेळ चिकटून राहिले, तर आघातांखाली ते पसरते आणि प्रतिमा मोठी, पुसट होत जाते.

नकली लक्खी बहुधा शेगड्यात, म्हणजे लोहाराच्या किंवा फिटरच्या व्हाइसमध्ये, दोन नाणी एकमेकांवर दाबून तयार करतात. त्यावर एका बाजूला मूळ चित्राचे चपटे झालेले अवशेष आणि त्यांवरच चढलेली खोलगट उलटी अक्षरे दिसतात. दुसऱ्या बाजूची उंच टोकेही दाबली जाऊन चकचकीत झालेली असतात. एकाच जागेत जुने उठावाचे आणि नवे खोलगट अशी दोन चित्रे एकमेकांत मिसळलेली आढळली, तर पुढे तपासण्याची गरज नाही. चतुर माणूस एक बाजू आधी घासून सपाट करतो आणि मग दाबतो. तेव्हा नाणे पातळ व हलके झालेले असते, आणि खोलगट अक्षरे उथळ असतात, कारण व्हाइसचा दाब टांकसाळीच्या यंत्राच्या तुलनेत फारच तोकडा पडतो. अर्धवट लक्खीत मात्र तीन चित्रे खरोखर असू शकतात, परंतु ती शेजारीशेजारी असतात आणि खोलगट भाग जिथे संपतो तिथे चिकटलेल्या नाण्याच्या काठाची स्पष्ट वक्र सीमा दिसते.

दुहेरी छाप, ठशाच्या भेगा, गाळलेली अक्षरे

खऱ्या दुहेरी छापात दुसरा आघात पहिल्या चित्राला चपटे करतो, आणि दुहेरीपणा बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतो. अक्षरांच्या कडेला नुसती सपाट पायरी दिसत असेल, तर ती आघाताच्या क्षणी ठसा हलल्याची खूण असते. ती टांकसाळीतलीच असली तरी अगदी सामान्य असल्यामुळे तिला भाव नसतो.

ठशाला भेग गेली की धातू तिच्यात शिरतो, म्हणून नाण्यावर उठावाची रेष येते. खोलगट रेष हा ओरखडा असतो. ठशाचा काठ तुटून पडला असेल, तर तिथे धातूचा गुळगुळीत उंचवटा येतो आणि त्याच्या नेमक्या मागच्या जागी छाप कमकुवत असतो. मागची बाजू ठणठणीत असेल, तर उंचवटा झाळकामाचा आहे का ते सुईच्या टोकाने पाहावे.

ठशात वंगण साचल्यामुळे अक्षरे किंवा सालातले अंक गाळले जातात. अशा जागी पृष्ठभाग आजूबाजूच्या पातळीतच आणि तसाच तकतकीत असतो. अक्षराची पुसट सावलीही राहते. घासून काढलेल्या जागी तिरप्या प्रकाशात हलकीशी खळगी दिसते.

द्विधातू नाणी

दहा आणि आता वीस रुपयांच्या नाण्यांत बाहेरचे कडे आणि मधला गाभा वेगवेगळ्या धातूंचे असतात. ते आधी सुटे असतात, आणि एकाच आघातात चित्रही उमटते व दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. चित्र ठशाचे असते, गाभ्याचे नव्हे. एवढे ध्यानात घेतले की या प्रकारातील बरीचशी फसवणूक निकालात निघते.

गाभ्यावरची सिंहमुद्रा कड्यावरील ‘भारत’ या अक्षरांच्या तुलनेत फिरलेली दिसली, तर ती टांकसाळीतील चूक असू शकत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच ठशावर एकत्र कोरलेल्या असतात. गाभा नंतर सैल होऊन फिरला आहे किंवा कुणी ठोकून काढून पुन्हा बसवला आहे. सिंहमुद्रेच्या कड्यात मूल्याचा गाभा, म्हणजे उलटा बसवलेला गाभा, हे तर निव्वळ कारागिरीचे काम. खरोखर सरकलेला गाभा असेल, तर गाभा एका बाजूला असूनही चित्र आपल्या जागी मधोमध राहते आणि त्याच्या रेषा एका धातूवरून दुसऱ्या धातूवर अखंड जातात. गाभा नसलेले नुसते कडे घेताना भोकाची आतली भिंत पाहावी : छापानंतर गाभा ठोकून काढला असेल, तर तिथे गाभा पकडून ठेवणारी रचना दबलेली आणि ओरबाडलेली असते.

फिरलेला ठसा आणि दोन्हीकडे एकच बाजू

नाण्याचे वरचे व खालचे टोक चिमटीत धरून ते उभ्या अक्षाभोवती फिरवावे. स्वतंत्र भारताच्या नाण्याची मागची बाजू सरळच दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी आली, तर ठसा फिरलेला आहे. एकसंध धातूच्या नाण्यात ही त्रुटी बनवणे कठीण असल्यामुळे ती बहुधा खरी निघते, पण काही अंशांच्या फरकाला कोणी विचारत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी मात्र तिथल्या नाण्यांना ही कसोटी लावू नये; तिथे उलटी मांडणी हाच नियम आहे.

दोन्हीकडे ‘छापा’ असलेली नाणी जादूगारांच्या सामानातही मिळतात. एक नाणे आतून पोखरून त्यात दुसऱ्याची पातळ केलेली बाजू बसवलेली असते. काठाच्या आतल्या अंगाला भिंगातून केसासारखी सांध्याची गोल रेष शोधावी, आणि नाणे फरशीवर हलके टाकून साध्या नाण्याशी आवाज ताडून पाहावा. जोडकामाचा आवाज बद्द येतो.

विकत घेण्यापूर्वी

फोटोवरून घ्यायचे असल्यास दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि तराजूवर ठेवलेल्या नाण्याचे फोटो मागवावेत. वजन सांगायला टाळाटाळ करणाऱ्याचा नाद सोडावा. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून जुन्या नाणी-नोटांना मोठी रक्कम देऊ करणाऱ्या आणि त्यासाठी आधी शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्या जाहिरातींविषयी बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी सावध केले होते. बँक अशा व्यवहारात नसते आणि कुणाला तसा अधिकारही देत नाही. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था त्रुटी-नाणी तपासून सीलबंद करून देतात, परंतु त्यांच्या डब्यांच्याही नकला निघतात, म्हणून डब्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातले नाणे जुळवावे. किरकोळ किमतीच्या नाण्यावर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. स्वतः प्रयोग करण्याची हौस असेल, तर नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे नाणे अधिनियम, 2011 अन्वये निषिद्ध आहे, हे जाणून असावे.

व्यापाऱ्याकडून घेताना बिलावर त्रुटीचा प्रकार, साल, टांकसाळ आणि वजन लिहून घ्यावे, आणि नाणे नंतर बनावट निघाल्यास ते परत घेण्याची मुदतही त्याच बिलावर नोंदवून घ्यावी.